हिरडीचे दुखणे शरीरात कुठवर जाते?

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला अगदी लागून नाचणगाव आहे. पुलगाव ओळखले जाते ते रेल्वे स्टेशन, जुनी कापड गिरणी आणि लष्कराचा दारूगोळा डेपो यांमुळे. नाचणगावची ओळख मात्र अजून शेतीची, कापूस-तूर-सोयाबीनची आहे. इथल्या माणसाला साखर वाढली की तो डॉक्टरकडे जातो. दात हलू लागला तर तो आधी लवंग ठेवतो, मग मीठ-तेल चोळतो आणि शेवटी दात उपटून घेतो. साखरेचा आजार आणि हलणारा दात यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. कोणी सांगितलेच तर ते थेट टोकाचे असते: हिरड्या सुजल्या की हार्ट अटॅक येतो, दात साफ करून घेतले की साखर उतरते, वगैरे.

या दोन टोकांच्या मध्ये विज्ञान आज नेमके कुठे उभे आहे, याचा हा आढावा. तोंडाच्या, त्यातही हिरड्यांच्या आरोग्याचा बाकीच्या शरीराशी संबंध आहे का, असल्यास कोणत्या आजारात किती, आणि हिरड्यांवर उपचार केल्याने तो दुसरा आजार कमी होतो का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. वाद बहुतेक वेळा तिन्हींचे उत्तर एकच समजल्यामुळे होतो.

हिरडीचा आजार होतो कसा

दातावर दिवसभर जंतूंचा एक चिकट थर बसत असतो. तो रोज काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. माणसाच्या तोंडात जंतूंच्या 700 हून अधिक जाती आढळल्या आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. थर जुना झाला की हिरडीखाली हवा न पोहोचणाऱ्या जागेत काही विशिष्ट जंतू वाढतात. हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लावताच रक्त येते. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होऊ शकतो. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 1965 साली हे स्वच्छ दाखवून दिले. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर सूज ओसरली.

पुढची पायरी मात्र परतीची नसते. सूज खोल गेली की दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागते, हिरडी व दात यांच्यामध्ये खिसा तयार होतो, त्यात पू साठतो, दात लांब दिसू लागतात आणि हलतात. लोक याला पायोरिया म्हणतात. गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. उपचाराने आजार थांबवता येतो.

सगळ्यांचे हाड सारख्या वेगाने झिजत नाही. याच लो यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतल्या 480 पुरुष मजुरांचा 1970 पासून पंधरा वर्षे मागोवा घेतला. त्यांना दंतोपचार मिळत नव्हते आणि दात घासण्याची रीतही नव्हती. तरीही सुमारे 8 टक्के मजुरांत आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांत मध्यम गतीने, आणि 11 टक्क्यांत हिरडीची सूज असूनही हाडाची झीज पुढे सरकली नाही. घाण सगळ्यांच्या तोंडात होती, पण दात सगळ्यांचे गेले नाहीत. शरीराची प्रतिकाराची रीत, अनुवंश, तंबाखू आणि मधुमेह यांचा अशा फरकात वाटा असतो. पुढच्या सगळ्या वादाचे मूळही इथेच आहे, कारण ज्या गोष्टींनी हिरडी बिघडते त्याच गोष्टींनी हृदयही बिघडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात तोंडाच्या आजारांचे सुमारे साडेतीनशे कोटी रुग्ण आहेत, आणि त्यांतील हिरड्यांच्या तीव्र आजाराचे शंभर कोटींहून अधिक. इतक्या सर्वदूर पसरलेल्या आजाराचा दुसऱ्या एखाद्या आजाराशी थोडा जरी कार्यकारण संबंध असेल, तरी सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात तो मोठा ठरतो. म्हणूनच या प्रश्नाकडे एवढे लक्ष गेले आहे.

शतकभराचा झोका

तोंडाची निगा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या 65 दिली आहे, त्यांतील 15 दातांच्या मुळाचे म्हणजे हिरड्यांचे आहेत. दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे, कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज उत्तम, असा तपशीलही तिथे आहे. पण तोंडातला जंतू शरीरात इतरत्र जाऊन आजार करतो, ही मांडणी आधुनिक आहे.

ती बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1891 मध्ये केली. 1900 साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी तोंडातील पू हे अनेक आजारांचे मूळ असल्याचे लिहिले, आणि 1910 मध्ये मॉन्ट्रिअलच्या व्याख्यानात सदोष दंतोपचारांवर कडक टीका केली. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्स यांनी 1912 च्या सुमारास या विचाराला वैद्यकात मान्यता मिळवून दिली. मग लाट आली. सांधेदुखी, थकवा, मूत्रपिंडाचे विकार, अगदी वेडासाठीही दात आणि टॉन्सिल काढले जाऊ लागले. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी मनोरुग्णांचे दात सरसकट उपटले.

1938 मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या 200 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दात-टॉन्सिल काढून रुग्णांना उपयोग होत नसल्याचे त्यात दिसले. 1940 पर्यंत हा सिद्धान्त मागे पडला, आणि पुढची पन्नास वर्षे दंतवैद्यक व वैद्यक जवळजवळ वेगळ्या वाटांनी चालले. आपल्याकडचे शिक्षणही याच विभागणीवर उभे राहिले: डॉक्टरांचे महाविद्यालय वेगळे, दंतवैद्यांचे वेगळे, दोघांच्या परिषदा वेगळ्या.

दुसरी लाट फिनलंडमधून आली. किम्मो मातिला आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या 100 रुग्णांची तुलना 102 निरोगी व्यक्तींशी केली. झटका आलेल्यांचे तोंडाचे आरोग्य वाईट होते, आणि वय, धूम्रपान, चरबी यांचा हिशेब करूनही फरक उरत होता. 1993 मध्ये लो यांनी हिरड्यांचा आजार हा मधुमेहाचा सहावा उपद्रव असल्याची मांडणी केली. 1996 मध्ये अमेरिकेत स्टीव्हन ऑफेनबाखर यांच्या 124 स्त्रियांच्या अभ्यासात गंभीर हिरडीविकार आणि अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळे यांत सुमारे सातपट संबंध दिसला. तेव्हापासून आजवर हजारो निबंध निघाले. या वेळचा फरक इतकाच की नुसत्या तर्कावर कोणी थांबले नाही, उपचार करून पाहण्याचे प्रयोगही झाले.

आजच्या तीन भूमिका

पहिली भूमिका कारणाची. हिरडीच्या खिशातून जंतू आणि त्यांचे विषारी अंश रक्तात जातात, आणि सूज घडवणारी रसायने सतत रक्तात मिसळत राहिल्याने दूरच्या अवयवांवर परिणाम होतो, असे ती मानते. जंतू रक्तात जातात याबद्दल वाद नाही. 2008 मधील एका अमेरिकन प्रयोगात दात काढल्यावर सुमारे 60 टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले, आणि नुसते दात घासल्यावरही 23 टक्क्यांच्या. पण सुजलेला पृष्ठभाग किती, याबद्दलचे आकडे फुगवले गेले होते. तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी उघडी जखम असे पूर्वी सांगत. 2001 मधील फेरमोजणीत ते क्षेत्रफळ 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरले. हा आकडा पूर्वीपेक्षा बराच कमी असला तरी नगण्य नाही.

दुसरी भूमिका समान मुळांची. तंबाखू, मधुमेह, गरिबी, कमी शिक्षण, उपचारांची अनुपलब्धता यांमुळे हिरडीही बिघडते आणि हृदयही. म्हणजे दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत, एक दुसरीचे कारण नाही. अमेरिकेतील फिलिप ह्युजोएल हे या बाजूचे ठळक अभ्यासक. धूम्रपानाचा हिशेब ढोबळ धरला की उरलेला परिणाम हिरडीच्या खात्यावर जमा होतो, असे ते दाखवत आले. सगळे दात गेलेल्यांच्या तोंडात हिरडीचा खिसा उरत नाही. मग त्यांचा हृदयविकाराचा धोका उतरायला हवा, तो उतरत नाही, हेही त्यांनी मांडले.

तिसरी भूमिका दुहेरी संबंधाची. ती मधुमेहाच्या बाबतीत विशेष मांडली जाते. साखर वाढल्याने हिरडी बिघडते, बिघडलेल्या हिरडीच्या सुजेने साखर आणखी बेताल होते, आणि हे चक्र चालू राहते. यात कारण कोण आणि परिणाम कोण असा एकच निर्णय द्यावा लागत नाही.

तिन्ही भूमिकांना पुरावा आहे, पण सगळ्या आजारांत सारखा नाही. म्हणून आजारागणिक पाहायला हवे.

मधुमेह: सर्वांत भक्कम बाजू

साखर नियंत्रणात नसलेल्यांत हिरडीविकार अधिक आणि तीव्र असतो, यावर आता मतभेद नाहीत. उलटी दिशा, म्हणजे हिरडीच्या उपचाराने साखर उतरते का, ही मात्र प्रयोगांवर ठरते. 2013 मध्ये अमेरिकेतील 514 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. टीकाकारांनी म्हटले की त्या चाचणीत उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवरचा थर आणि हिरडीचे रक्त पुरेसे कमी झाले नव्हते. 2018 मध्ये लंडनच्या फ्रान्सेस्को डायुटो यांच्या 264 रुग्णांच्या चाचणीत वर्षभर सघन उपचार दिले गेले. तिथे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, साध्या साफसफाईच्या गटापेक्षा सुमारे 0.6 टक्क्यांनी कमी राहिला.

2022 च्या कॉक्रेन आढाव्यात 35 चाचण्या आणि 3,249 रुग्ण घेतले होते. हिरडीच्या उपचाराने एचबीएवनसी तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43, सहा महिन्यांनी 0.30 आणि बारा महिन्यांनी 0.50 टक्के कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष. पुराव्याची खात्री मध्यम प्रतीची आहे. हा आकडा लहान वाटला तरी मधुमेहाच्या काही दुय्यम गोळ्यांच्या परिणामाशी तो तोलता येतो. मात्र गोळीच्या जागी दात साफ करून घ्यावेत, असे कोणताही अभ्यासक म्हणत नाही.

भारताच्या दृष्टीने हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने 2023 मध्ये भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि 13 कोटी 60 लाख सीमारेषेवरचे लोक असल्याचे सांगितले. आजार आता फक्त शहरांचा राहिलेला नाही.

हृदय आणि रक्तवाहिन्या: नाते खरे, कारण अनिर्णित

स्वीडनमध्ये पहिला झटका आलेल्या 805 रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी केलेली तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. झटका आलेल्यांपैकी 43 टक्क्यांना, तर इतरांपैकी 33 टक्क्यांना हिरडीविकार होता. इतर कारणांचा हिशेब केल्यावर सुमारे 28 टक्के वाढीव शक्यता उरली. म्हणजे नाते आहे, पण बेताचे आहे.

उपचाराची बाजू अपुरी आहे. टोनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 120 रुग्णांच्या चाचणीत सघन उपचार करून पाहिले. पहिल्या दिवसांत रक्तातील सूज उलट वाढली आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता घटली. सहा महिन्यांनी मात्र ती आधीपेक्षा सुधारली. ही खूण आशादायक आहे, पण रक्तवाहिनीची लवचिकता म्हणजे झटका नव्हे. हिरडीच्या उपचाराने झटके किंवा मृत्यू कमी होतात हे दाखवणारी पुरेशी मोठी चाचणी नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये हेच निवेदन काढले: संबंध स्वतंत्रपणे दिसतो, कारण सिद्ध नाही, आणि उपचाराने हृदयविकार टळतो असे म्हणता येत नाही.

हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग ही वेगळी गोष्ट आहे. तोंडातील जंतू रक्तातून खराब झडपेवर बसतात, हे जुने आणि मान्य सत्य आहे. वाद आहे तो दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे की नाही यावर. अमेरिकेने 2007 मध्ये ते फक्त सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरते ठेवले, ब्रिटनच्या उपचार-मार्गदर्शक संस्थेने 2008 मध्ये जवळजवळ बंदच केले. मूळ विचार असा की वर्षातून एकदा दात काढताना जातात त्यापेक्षा किती तरी जास्त जंतू रोजच्या घासण्या-चावण्यातून रक्तात जातात, तेव्हा तोंड नेहमी स्वच्छ असणे अधिक मोलाचे. संधिवाती तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून भेटतात. त्यांनी दंतवैद्याकडे गेल्यावर झडपेचा आजार आधी सांगायला हवा.

गरोदरपण: उत्साह ओसरलेला

ऑफेनबाखर यांच्या सातपट आकड्याने मोठी आशा निर्माण केली. चिलीतील 2002 च्या एका चाचणीत उपचाराचा फायदा दिसलाही. पण 2006 मध्ये अमेरिकेतील 823 स्त्रियांच्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण उपचार मिळालेल्यांत 12 टक्के, तर न मिळालेल्यांत 12.8 टक्के निघाले. फरक जवळजवळ नाहीच. खुद्द ऑफेनबाखर यांच्या 1,800 स्त्रियांच्या 2009 च्या चाचणीतही फायदा सिद्ध झाला नाही. स्वतःच्या मूळ दाव्याविरुद्ध जाणारा निकाल त्यांनी स्वतःच छापला, ही या क्षेत्राची जमेची बाजू.

काही अभ्यासक म्हणतात की गरोदरपणात उपचार करायला फार उशीर झालेला असतो, तो दिवस जाण्याआधी हवा. हे अजून तपासायचे आहे. या चाचण्यांतून एक गोष्ट मात्र पक्की झाली: दुसऱ्या तिमाहीत दातांची सफाई करणे आई आणि बाळ दोघांना सुरक्षित आहे. दिवस गेल्यावर दाताला हात लावू नये, या आपल्याकडच्या समजाला आधार नाही.

फुफ्फुस, मेंदू, सांधे

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या तोंडातील लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. जपानच्या वृद्धाश्रमांत योनेयामा यांच्या गटाने दोन वर्षे रुग्णांचे तोंड नीट स्वच्छ ठेवले. 2002 च्या त्यांच्या निबंधात न्यूमोनियाचे प्रमाण अशी निगा न मिळालेल्यांत 19, तर मिळालेल्यांत 11 टक्के दिसते. 2015 च्या एका अमेरिकन चाचणीत असा फायदा मिळाला नाही. पण रुग्णालयांतील चाचण्यांच्या 2024 च्या एकत्रित आढाव्यात दात घासल्याने न्यूमोनिया घटल्याचे दिसले, विशेषतः व्हेंटिलेटरवरील रुग्णांत. इथे पुरावा सरसकट नसला तरी झुकता आहे, आणि उपाय स्वस्त आहे.

स्मृतिभ्रंशाची बाजू सगळ्यात कच्ची. 2019 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरडीविकारातील एका प्रमुख जंतूच्या खुणा सापडल्याचा निबंध आला आणि बातम्या झाल्या. त्या जंतूच्या विषावर मारा करणारे औषध सहाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिले. 2021 मध्ये त्या चाचणीची मुख्य उद्दिष्टे साधली नाहीत. शिवाय स्मृती गेलेला माणूस दात घासायला विसरतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. संधिवातात हाच जंतू शरीरातील प्रथिने बदलून शरीराची स्वतःविरुद्धचीच प्रतिक्रिया चेतवतो, अशी शास्त्रीयदृष्ट्या पटण्याजोगी मांडणी आहे, पण मोठ्या चाचण्यांचा आधार तिला अजून मिळालेला नाही.

खर्ऱ्याचा हिशेब कुठे आहे?

विदर्भात या चर्चेत एक मोठी फट दिसते. वरचे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतील, आणि तिथे तंबाखू म्हणजे सिगारेट. 2018 मध्ये जाहीर झालेल्या हिरडीविकाराच्या नव्या जागतिक वर्गीकरणात आजाराची गती ठरवताना दोन गोष्टी जोडल्या गेल्या: रोजच्या सिगारेटींची संख्या आणि एचबीएवनसी. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी, किंवा एचबीएवनसी सात टक्के वा अधिक, म्हणजे सर्वांत वेगवान गट. चघळण्याच्या तंबाखूला त्यात स्थानच नाही.

महाराष्ट्राचे चित्र उलटे आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. धुराविना तंबाखू वापरणारे 24.4 टक्के, तर ओढणारे जेमतेम 3.8 टक्के. नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यात तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा हा त्याचा रोजचा अवतार. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण हाताने घोटलेला खर्रा टपरीवर मिळत राहिला. सुपारी कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले.

खर्रा जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, दातांची मुळे उघडी पडतात. पुढे गाल आतून कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. दोन बोटेही तोंडात जात नसतील तिथे ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोहोचणार कसा? ओढणाऱ्यांत तंबाखूमुळे हिरडीचे रक्त येणे झाकले जाते, म्हणून आजार उशिरा कळतो. खर्ऱ्याच्या बाबतीत हिरडी, साखर आणि हृदय यांचे त्रैराशिक कसे मांडायचे, याचे बाहेरून आणलेले सूत्र नाही. ते आपल्याकडेच तयार व्हावे लागेल.

यात मंजनाचाही धडा आहे. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय राज्याच्या अनेक भागांत, विशेषतः बायकांत, आहे. दातांच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. पण घरी भाजलेली मिश्री त्या बंदीच्या कक्षेत येत नाही.

वर्धा जिल्ह्याला काय शक्य आहे

या प्रश्नाचा अभ्यास करायला वर्ध्याइतका सोयीचा जिल्हा विदर्भात कमी असेल. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन घराघरांतील आरोग्याची नोंद ठेवते. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या परिसरात शरद पवार दंत महाविद्यालय आहे. नाचणगावहून दोन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

धोरणाची चौकटही आहे. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या बारा सेवांत तोंडाच्या प्राथमिक सेवेचा समावेश आहे. गावपातळीवर तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी अपेक्षित आहे. म्हणजे तोंडात पाहणे त्यात येतेच. त्याच वेळी हिरडीतून रक्त येते का, दात हलतात का, हे दोन प्रश्न विचारायला वेगळी यंत्रणा लागत नाही.

गावकऱ्यांचा अडथळा मात्र वेगळा आहे. दात साफ केल्याने दातांत फटी पडतात आणि दात ढिले होतात, हा समज फार घट्ट आहे. फट आधीच पडलेली असते, तिच्यात कीटण भरलेले असते. ते काढल्यावर ती दिसते, सुजलेली हिरडी बसल्यावर आणखी दिसते. हे समजावून सांगितले नाही तर माणूस पुन्हा फिरकत नाही. कडुनिंबाच्या काडीबद्दल टोकाची मते आहेत. नीट चावून, हळू घासली तर तिने थर निघतो. पण तिच्यात फ्लोराइड नाही आणि दातांच्या मधल्या फटीत ती पोहोचत नाही. काडी वापरणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही, तिलाच संपूर्ण उपाय मानण्यातही नाही.

अजून न सुटलेले

चार प्रश्न उघडे आहेत. पहिला, हिरडीच्या उपचाराने झटके आणि पक्षाघात प्रत्यक्ष कमी होतात का; त्यासाठी हजारो रुग्णांची, अनेक वर्षांची चाचणी लागेल. हिरडीविकार माहीत असूनही एका गटाला उपचाराविना ठेवणे नैतिकदृष्ट्या अवघड असल्याने ती होणे सोपे नाही. दुसरा, साखरेतील सुधारणा वर्षापलीकडे टिकते का, आणि डोळे-मूत्रपिंड वाचतात का. तिसरा, गर्भधारणेपूर्वीच्या उपचाराचा काही लाभ आहे का. चौथा आपला खास: चघळण्याच्या तंबाखूचा वाटा वेगळा काढल्यावर हिरडी आणि इतर आजार यांत किती नाते उरते.

या चारही प्रश्नांत एक जुनी सावधगिरी लागू पडते. 1910 नंतरच्या तीस वर्षांत एका पटण्याजोग्या कल्पनेपायी हजारो चांगले दात उपटले गेले. आज धोका दात उपटण्याचा नाही. हृदयाच्या भीतीवर महागडे उपचार आणि माउथवॉश विकले जाण्याचा आहे.

आढाव्याचा निष्कर्ष

हिरडी आणि बाकीचे शरीर यांचे नाते खरे आहे. मधुमेहात ते दुहेरी आहे, आणि हिरडीच्या उपचाराने साखरेला थोडा पण मोजता येण्याजोगा फायदा होतो. अंथरुणावरच्या वृद्धांत तोंडाच्या स्वच्छतेने न्यूमोनिया कमी होण्याची शक्यता बरीच आहे. हृदयविकारात नाते आहे, कारण सिद्ध नाही. गरोदरपणात उपचार सुरक्षित आहे, पण त्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते असे दिसत नाही. स्मृतिभ्रंश आणि संधिवात यांबाबत निर्णय द्यायची वेळ आलेली नाही.

नाचणगावच्या माणसाला मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहायचे कारण नाही. हिरडी स्वतःच एक अवयव आहे, आणि दात गेले की भाकरीपासून भुईमुगापर्यंतचे खाणेच जाते. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत, हिरडीतून रक्त आले तर घासणे थांबवू नये, दंतवैद्याला दाखवावे. मधुमेह असेल तर वर्षातून निदान एकदा हिरड्या तपासून घ्याव्यात आणि आपली साखर दंतवैद्याला सांगावी. खर्रा सोडावा. आणि साखरेची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी रुग्णाला एकदा विचारावे: हिरडीतून रक्त येते का?